अर्ध्या तासाची मॅच

जेद्दाला आमच्या कंपाउंडच्या क्लबात पाच खेळ होते: क्रिकेट, टेनिस, बॅडमिंटन, कॅरम आणि बायकांचा फुटबॉल. पहिले चार खेळ म्हणून, पाचवा गंमत म्हणून. कमिटीत सगळे नवरेच. त्यांत माझाही होता, त्यामुळे आतल्या बातम्या मला घरबसल्या कळायच्या.

आम्हाला शिकवायला यायची हॉस्पिटलातली आइसलँडची नर्स. तिच्या गावच्या क्लबातही असेच बरेच खेळ होते, पण तिथे बायकांची टीम पुरुषांच्याच मैदानावर पुरी नव्वद मिनिटं खेळायची. हे घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तिकडे थंडी असते. अंग गरम राहायला पळावंच लागतं." वा रे विद्वान!

आमच्यात सगळ्यांत जोरात पळायची ती रत्नागिरीकडची, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. कफीलने, म्हणजे अरबी मालकाने, तिच्या नवऱ्याचा इकामा, तिथे राहायचा परवाना, वाढवून दिला नाही; रविवारचं परतीचं विमान होतं. "गावी मला कोण खेळू देतंय? जायच्या आधी एक मॅच पुरी खेळायचीय, बस्स," ती म्हणाली. नर्सने लगेच हॉस्पिटलातल्या बायकांची टीम जमवली. आणि कमिटीने काय द्यावं? शुक्रवारच्या क्रिकेट फायनलमध्ये दोन डावांच्या मधला अर्धा तास! वर शंभर बटाटेवडेही आम्हीच करायचे. माझं टाळकंच सटकलं.

नियमही कमिटीचाच होता: बायका खेळताना मैदानात एकही पुरुष नको, फाटक आतून बंद, आणि बायकांनी उघडल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. बरं बाबा, नाही यायचं.

पहिला डाव संपला तशी मंडळी निमूट पार्किंगमध्ये गेली. मी कडी घातली. वडे आत, चटणी आत, चहाचे थर्मास आत. अर्ध्या तासाने नर्सने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "नव्वद."

थोड्याच वेळात बाहेरून हाका सुरू झाल्या, "यल्ला, खलास करा!" त्यात माझ्या नवऱ्याचा आवाज, "अगं, अंधार पडेल! आमची बॅटिंग राहिलीय!"

मी गोलमधूनच ओरडले, "नियम कोणी केला?"



मध्यंतरात दोन्ही टीमनी वड्यांचा फडशा पाडला. मी दोन गोल खाल्ले, त्यातला एक निव्वळ माझ्या वेंधळेपणाने. शेवटी शेवटी रत्नागिरीवालीने आमचा एकुलता एक गोल मारला. हरलो. शिट्टी झाल्यावर ती मैदानातच बसली आणि हसता हसता रडायला लागली, "पुरी खेळले गं, पुरी खेळले!" मलाही रडू आवरेना. फाटक उघडलं तेव्हा सूर्य बुडाल्यावरची मगरिबची अजान चालू होती.

वर्षाखेरीस क्लबचा अहवाल आला. ती केव्हाच गावी गेली होती. तिचा गोल शोधायला मी सगळी पानं चाळली. फुटबॉलचं नावसुद्धा नव्हतं. क्रिकेटखाली मात्र लिहिलं होतं, "अपुऱ्या प्रकाशामुळे फायनल अनिर्णित. महिला सदस्यांनी केलेले बटाटेवडे सर्वांना फार आवडले."

त्या दिवशी एकाही पुरुषाला वड्याचा तुकडासुद्धा मिळाला नव्हता.