हाडांच्या सलाईनचा ताप

सन दोन हजार चोवीस. माझं वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण पाचवी, तेही तमिळमधून. मराठी घरातला, तंजावरचा. अंबत्तूरला माझी लेथची शेड आहे. हाडं विरळ झाली, पडलात तर मोडतील, शेड बंद करा, असं मुलानं लावून धरलं होतं. शेवटी ठरलं की वर्षातून एकदा हाडं बळकट करणाऱ्या औषधाचं सलाईन घ्यायचं, मग शेडवर जायला मोकळीक.

घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाडन् हाड ठणकायला लागलं, थंडी भरली. सांगितलं तर शेड गेली, म्हणून मफलर गुंडाळून गप्प बसलो. चेन्नईत, ऐन चित्रैच्या, एप्रिल-मेच्या उकाड्यात!

"मामंजी, मफलर?" सुनेनं कपाळाला हात लावला आणि मुलाला हाक मारली.

"बघा, सलाईनही सोसत नाही," तो म्हणाला. "आता शेड बंद."

"शेड माझी. तू कोण बंद करणार?"

नात तांबरमच्या एका कॉलेजात रक्तातल्या पेशींवर संशोधन करते. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पहिल्या सलाईननंतर पुष्कळांना असा ताप येतो. गोळी द्या, दोन-तीन दिवसांत उतरेल.

"पण का येतो?" मी नातीला विचारलं.

"ताता, अंगातल्या बऱ्याच पहारेकरी पेशींना शत्रूच्या प्रोटीनचा तुकडा समोर धरून दाखवावा लागतो, तेव्हा त्या उठतात. गॅमा डेल्टा टी पेशींचं तसं नाही. या औषधानं इतर पेशींच्या आत फॉस्फेटचं एक बारीक द्रव्य साठतं. तसलंच द्रव्य क्षयाच्या जंतूतही असतं. ते आत साठलं की त्या पेशीच्या पृष्ठभागाचा आकार जरासा बदलतो. तेवढ्यावरून गॅमा डेल्टा पेशी ओळखतात आणि खवळतात. त्याचा हा ताप."

"म्हणजे जंतू नसताना लढाई?"

"हो. फसतात बिचाऱ्या. पण वय झालं की बहुतेकांत त्या कमी होतात. तुमच्यात बऱ्याच उरल्या असाव्यात."

"असाव्यात काय? आहेत!" मी मुलाकडे बघून म्हणालो. "ऐकलंस? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पलटण जागी आहे माझी."

"पलटणीला गोळी द्या आधी," तो म्हणाला. पण हसला.

सकाळी अंग हलकं होतं. मुलानं स्वतः थर्मामीटर लावून बघितला, ताप उतरला होता. शेडवर गाडीनं सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं, अंघोळ केली, बस धरून अंबत्तूरला गेलो आणि शेडचं शटर वर केलं.