'नंतर'ला बंदी असलेलं घर

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लेस्टर शहरातल्या एका लाल विटांच्या घरात 'नंतर' हा शब्द उच्चारण्यास, लिहिण्यास अथवा हातवाऱ्यांनी सुचवण्यास सक्त मनाई होती. शिक्षा : त्या जेवणाची सगळी भांडी, करपलेल्या कढईसकट. अपील नाही. पोलीस, न्यायाधीश आणि घरमालकीण या तिन्ही जागा नलूताईंकडे होत्या आणि मी त्यांचा भाडेकरू होतो.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. कंपनीनं मला पुण्याहून लेस्टरला पाठवलं होतं. खोली बघायला गेलो, बेल दाबली, तर आवाज काहीच नाही, पण घरातले सगळे दिवे एकदम उघडझाप करू लागले. वायरिंग जळतंय अशा समजुतीनं मी फाटकापर्यंत मागे सरलो. दार उघडलं. साठीच्या बाई, ठसठशीत कुंकू, अंगात कार्डिगन, नजर थेट माझ्या तोंडावर. मी नाव सांगितलं.

"काही कळलं नाही," त्या एका सुरात, जरा घुमणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "ओठांवरचं ते गवत काप, मग खोली दाखवते."

मी मिशी काढली. खोली चांगली होती.

नलूताई मूळच्या नागपूरच्या. चार वर्षांच्या असताना तापात कान गेले. लग्न होऊन इंग्लंडात आल्या, इथली खुणांची भाषा शिकल्या आणि गावाबाहेरच्या एका बहिऱ्यांच्या कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवत होत्या. मी एकदा आदबीनं 'कर्णबधिर' म्हणालो. त्या म्हणाल्या, "तो शब्द फॉर्मवर शोभतो. तू खुशाल बहिरी म्हण. मला कुठे ऐकू येणार आहे?"

बंदीचं कारण त्यांनी मला पहिल्या शिक्षेच्या वेळी सांगितलं. मी भांडी घासत होतो, त्या पुसत होत्या. नागपूरच्या घरी पंगतीला पंधरा-सोळा माणसं असायची. कुणीतरी काहीतरी बोलायचं, सगळे हसायचे. छोटी नलू आईला विचारायची, काय झालं? आई म्हणायची, नंतर सांगते हं.

"आईनं सांगायच्या राहिलेल्या सगळ्या गोष्टी अजून तिथंच पडून आहेत," नलूताई ताट पुसत म्हणाल्या. "आई गेली. आता कुणाला विचारू? तू कढईचं बूड नीट घास."

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झाले. त्या जागी मॉरीनबाई येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. उपप्राचार्य, स्वतः बहिऱ्या, त्याच कॉलेजात शिकलेल्या. नियामक मंडळानं मात्र बाहेरून एक गृहस्थ नेमले. ऐकू येणारे, आणि खुणांच्या भाषेतलं एक अक्षरही न येणारे. पोरं पायऱ्यांवर फलक घेऊन बसली. जुने विद्यार्थी पार स्कॉटलंडहून आले.

"माणूस वाईट नाही," नलूताई मला म्हणाल्या. "पण एखाद्या पोरीला प्राचार्यांपुढे रडायचं असलं तर मधे दुभाषी बसवून रडायचं का? एवढंच विचारायचंय मला."

मंडळाच्या अध्यक्षांनी खुलाशासाठी सभा घेतली. एव्हाना मला खुणा थोड्याफार कळू लागल्या होत्या, मीही नलूताईंबरोबर गेलो. उंच, चांदीच्या केसांचे, अतिशय सभ्य. शेजारी दुभाषी जॅनेट. मधेच एका सभासदानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले. पहिल्या रांगेतून नलूताईंनी खुणेनं विचारलं, काय झालं? जॅनेटनं प्रश्न पोचवला. अध्यक्ष प्रेमळपणे म्हणाले, "काही विशेष नाही. नंतर सांगतो." नेमणुकीची कारणं विचारली, तर तीही योग्य वेळी कळवण्यात येणार होती.

घरी येताच नलूताईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "त्या माणसाच्या हातून कढई घासून घ्यायची आहे."

पुढच्या आठवड्यात उलटी सभा भरली. कॉलेजचा तोच हॉल, बोलावणारे आम्ही, अध्यक्ष पाहुणे. मला त्यांच्या डाव्या बाजूला बसवलं होतं. जॅनेट आली, पण पाहुणी म्हणून. तोंड मिटून, हात मांडीवर. नलूताई व्यासपीठावर चढल्या, दिवे दोनदा उघडझाप करून सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि हातांनी बोलू लागल्या. तोंडानं एक शब्द नाही.

दीडशे माणसं तल्लीन. मधेच शंभर-दीडशे हात वर जाऊन लवलवले. ती त्यांची टाळी. अध्यक्षांनी घाईनं खरीखुरी टाळी वाजवली. एकट्याची. मग हॉलभर हशा पिकला. नलूताई माझ्या मिशीची गोष्ट सांगत होत्या, पण अध्यक्षांना ते कसं कळणार? त्यांनी टायची गाठ चाचपली, बूट पाहिले आणि माझ्याकडे वाकले.

"काय म्हणतायत त्या?"

या क्षणासाठी माझी घरी तीनदा तालीम झाली होती. मी प्रेमळपणे हसलो. "काही विशेष नाही. नंतर सांगतो."

ते उजवीकडच्या विद्यार्थिनीकडे वळले. तिनं तळहात दाखवला : थांबा जरा. पुन्हा हशा. बिचारे मान इकडून तिकडे फिरवत राहिले. वीस मिनिटं. मला खरं सांगायचं तर शेवटी शेवटी त्यांची कीव यायला लागली होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर मलाच शिक्षा व्हायची. महिन्याभरात मंडळानं नेमणूक मागे घेतली. नव्या मुलाखतींच्या समितीत निम्मी माणसं बहिरी होती. मॉरीनबाई प्राचार्य झाल्या. बाहेरून आलेले ते गृहस्थही समजूतदार निघाले, स्वतःहून बाजूला झाले. आणि अध्यक्ष दर गुरुवारी नलूताईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागले. हात भयंकर कडक. "खुणा करतो की विमान उतरवतो, कळत नाही," नलूताई म्हणायच्या, पण त्यांना घरी जेवायला बोलावू लागल्या होत्या. कढई त्यांनी दोनदा घासली, कोट काढून. चार वर्षांपूर्वी नलूताई गेल्या, तेव्हा निरोपाचे चार शब्द अध्यक्षांनीच सांगितले, दुभाष्याशिवाय. दोन खुणा चुकल्या. कुणीही दुरुस्त केल्या नाहीत.

तर, त्या सभेकडे परत. विसाव्या मिनिटाला अध्यक्ष ताडकन उभे राहिले आणि मोठ्यानं काहीतरी बोलून बसले. दीडशे जणांच्या त्या हॉलमध्ये ते ऐकू गेलं फक्त मला आणि जॅनेटला. नलूताईंनी ओठ हललेले पाहिले, हात थांबवले आणि थेट मला विचारलं, काय म्हणाले?

मी खुर्चीवर चढलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या खुणांनी, अक्षरही न गाळता, तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं :

"अहो, मीही याच खोलीत बसलोय. मला कुणी काही सांगत का नाही?"