बघू नकोस, हात फिरव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सरांचं नाव घेतो. माझ्या आईलाही ते मान्य आहे. इथं त्यांना नुसतं सर म्हणतो, कारण ते समोर असतानाही मी त्यांना कधी दुसरं काही म्हटलं नाही.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर आधी हसला असता. बसायला खुर्ची दिली की सर आधी तिच्या कडेखाली बोटं फिरवत. चहाचा कप आला की बशीच्या खालच्या बाजूला अंगठा. मेट्रोत दांड्याला धरून उभे राहिले तरी तर्जनी हळूहळू वर-खाली चाललेली. शेजारच्या बाई सरकून उभ्या राहत. सरांना त्याचा पत्ता नसे.

"बघू नकोस, हात फिरव," हे त्यांचं रोजचं वाक्य. "डोळे घाई करतात रे."

सर दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा अभ्यास करत. मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प सहायक. मी परभणीकडचा, वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल, घरात पदवी घेतलेला पहिलाच. मुलाखतीला तीन साहेब बसले होते. इंग्रजी प्रश्नांना मी अडखळत, चुकत उत्तरं देत होतो. तेव्हा त्यांच्यातले कोपऱ्यात बसलेले सर मराठीत म्हणाले, "टेबलाखाली हात घाल. काय लागतंय ते सांग."

मी हात घातला. म्हणालो, "वाळलेलं च्युइंगम आहे सर. एक खिळा वर आलाय. आणि कोणीतरी टोकदार वस्तूनं काहीतरी कोरलंय, बहुतेक 'र' आहे."

"याआधीच्या सगळ्यांनी सांगितलं, लाकूड आहे," सर इतर दोघांना म्हणाले. मग मला विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"आई तांदूळ निवडताना गप्पा मारते सर. खाली बघतच नाही. तरी खडा बरोबर सापडतो तिला."

"अरेरे, तुझ्या आईलाच बोलवायला हवं होतं," सर म्हणाले. नोकरी मला मिळाली.

बोटांचं हे वेड कुठून आलं, ते सांगायला हवं. परदेशातल्या नद्यांमध्ये एक पट्टेरी शिंपला असतो, झेब्रा शिंपला म्हणतात त्याला. नखाएवढा. आपले शिंपले चिखलात अर्धे पुरून घेऊन गुमान राहतात, त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना धरून गावोगाव जातात. म्हणजे मासा नसेल तर आपल्या शिंपल्याचा वंश नाही. या झेब्र्याला मासा लागत नाही. त्याची पिल्लं पाण्यात मोकळी तरंगतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. काही आठवड्यांनी जड होऊन खाली येतात आणि मिळेल त्या टणक वस्तूला बारीक धाग्यांनी चिकटतात. दगड, पाइप, होडीचा तळ, काहीही चालतं. आपल्यासारख्या शिंपल्याच्या पाठीवरही इतके बसतात की त्याला तोंड उघडता येत नाही. नुकते बसलेले असतात तेव्हा ते दिसत नाहीत, पण बोट फिरवलं तर पॉलिश पेपर लागल्यासारखं वाटतं. सर म्हणत, हीच एक वेळ, तेव्हा कळलं तर कळलं.

"आणि नंतर?" मी एकदा विचारलं होतं.

"नंतर तळं काचेसारखं नितळ होतं. हे लोक पाणी गाळून त्यातलं सगळं खाऊन टाकतात. माणसं काठावर उभी राहून म्हणतात, वा, किती स्वच्छ! ते पाणी उपाशी असतं रे."

मी मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथल्या नळाला एकदा हात लागला. खरखरीत. मी पाना आणून नळच काढला, रुमालात गुंडाळला आणि आर. के. पुरमला सरांच्या क्वार्टरवर धावलो. सरांनी भिंगातून पाहिलं. मग काकूंना हाक मारली, "अगं, बाहेर ये. हा नळ घेऊन आलाय."

तो पाण्याचा क्षार होता. दिल्लीत राहणाऱ्या कोणाच्याही नळाला असतो तसा. काकू हसून हसून ओट्याला टेकल्या. त्यांची मुलगी सई कॉलेजात होती, दिल्लीतच वाढलेली. ती म्हणाली, "दादा, बिल्डिंगमध्ये पानी बंद करून आलात ना?" मी बंद केलं नव्हतं. सर मात्र हसले नाहीत. नळ माझ्या हातात परत देत म्हणाले, "धावत आलास ते बरोबर केलंस. शंभरदा क्षारच निघू दे."

सर सुट्टीच्या दिवशी मत्स्यपेट्यांच्या दुकानांत फिरत, मलाही नेत. परदेशी पाणवनस्पतींबरोबर हा शिंपला येऊ शकतो, ही त्यांची भीती. एका दुकानदाराशी त्यांचं चांगलं जमलं होतं. तो म्हणायचा, "डॉक्टर साहब, मछली तो आपने आज तक ली नहीं. बस डब्बे के नीचे हाथ फेरते हो. कुछ गुदगुदी होती है क्या?"

त्या दिवाळीनंतर त्याच दुकानात शेवाळाचे हिरवे गोळे आले, शोभेसाठी पेटीत ठेवतात ते. सरांनी एक उचलला, बोटांनी चाचपला आणि थांबले. गोळा विकत घेतला. प्रयोगशाळेत काचेच्या वाटीत पाणी घेऊन शेवाळ हळूच विलग केलं, तर आत एक पट्टेरी शिंपला होता. बंद, म्हणजे जिवंत. आम्ही दोघं वाटीपाशी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो किंचित उघडला.

"सुंदर आहे रे," सर म्हणाले. मग म्हणाले, "याचा काय दोष? याला कोणीतरी तिकीट काढून दिलं."

पाणी उकळायला त्यांनी स्वतःच ठेवलं. शिंपला त्यात टाकताना मान दुसरीकडे वळवली.

आम्ही दुकानात परत गेलो. बाकीचे गोळे कुठं आहेत? दुकानदारानं सांगितलं, एक मोठी पेटी तडकली, तेव्हा त्यातले मासे, गोळे, पाणी, सगळं त्यानं आपल्या गावच्या तलावात सोडलं. गाव गुरुग्रामच्या कडेला. "बेचारी मछलियाँ तड़प के मर जातीं, साहब. पुण्य का काम था ना?"

मला राग आला होता. सर शांतपणे म्हणाले, "पुण्य तो हुआ. बस, तालाब से पूछा नहीं आपने."

दुकानदाराचा चेहरा पडला. त्यानंच आम्हाला तलाव दाखवला. मागं उंच इमारती, पुढं म्हशी, एका बाजूनं नाला बाहेर पडतो आणि पुढं कुठं कुठं जाऊन यमुनेला मिळतो. सरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, अधिक पुरावा असल्यास सादर करावा. मग सरांनी प्लास्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या कापल्या, दोरीला बांधल्या आणि आम्ही त्या तलावात सोडल्या. शिंपला बसलाच तर त्यावर बसेल. दर महिन्याला ओढून काढायच्या आणि हात फिरवायचा.

"थंडी सरली की यांची पिल्लं सुटतात. मार्च-एप्रिल बसण्याचे दिवस," सर म्हणाले. "मग दिल्लीचा उन्हाळा आपल्या बाजूनं आहे. इतकं गरम पाणी याला सोसत नाही. मे संपेपर्यंत पट्ट्या गुळगुळीत राहिल्या, तर वाचलो म्हणायला हरकत नाही."

मे संपेपर्यंत. त्या थंडीतच सरांना कर्करोग निघाला.

औषधं सुरू झाली तरी सर तलावावर यायचे. दुकानदार काठावर घडीची खुर्ची टाकून ठेवायचा. मी पाण्यात उतरून दोरी ओढायचो, सर पट्टी हातात घेऊन डोळे मिटायचे. शेवाळाच्या बुळबुळीतपणाखाली बोट सरकायचं. "गुळगुळीत," ते म्हणायचे. गोगलगायीच्या अंड्यांचा चिकट ठिपका लागला तर, "ही आपली माणसं, राहू दे."

मार्चमधल्या फेरीत त्यांनी पट्टी घेतली, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या हातानं फिरवलं. मग डोळे उघडून बोटांकडेच पाहत राहिले. मला वाटलं, सापडलं.

"काय लागलं सर?"

"काही नाही," सर म्हणाले. "काहीच लागत नाहीये. पट्टी हातात आहे, तेही बघून कळतंय."

औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. काकूंना ते आधीच कळलं होतं, चहाचा कढत पेला सर तसाच धरून बसले होते त्या दिवशी. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सरांनी पट्टी माझ्याकडे दिली. "तू सांग."

मी हात फिरवला. "गुळगुळीत आहे सर."

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "आण इकडं." आणि ती ओली, घाण वासाची, शेवाळानं माखलेली पट्टी त्यांनी गालावर ठेवून अलगद ओढली. कानशिलापासून हनुवटीपर्यंत हिरवा ओघळ आला.

"गाल शाबूत आहे," सर म्हणाले. "गुळगुळीत. बरोबर सांगितलंस."

दुकानदार तोंड फिरवून म्हशींकडे बघत उभा राहिला. परत निघताना त्यानं आपला गमछा ओला करून सरांचा गाल पुसला.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी औषधं थांबवली. सरांना कोकणात, त्यांच्या गुहागरकडच्या घरी जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी क्वार्टरवर गेलो. सामान बांधलेलं होतं. सर पलंगावर बसून पट्टीवर गाल घासतात तसा उगीच उशीवर गाल घासत होते. मला पाहून थांबले.

"मेअखेरची फेरी तू करायची. मला फोनवर सांगू नकोस. फोनवर माणूस आजाऱ्याला बरं वाटेल असं बोलून जातो. तू तर बोलशीलच, मला माहीत आहेस तू. पत्र लिही. लिहिताना हात जरा कचरतो."

"पट्टीच पाठवू का सर पत्राबरोबर? म्हणजे तुम्हालाच..."

"वेडा आहेस का? जन्मभर लोकांना सांगितलं, इथलं पाणी तिथं नेऊ नका. आणि आता पोस्टानं पाठवायचं?" हसताना त्यांना धाप लागली. काकू पाणी घेऊन आल्या. पेला त्यांनीच सरांच्या ओठांना लावला.

मे महिनाभर मला एकच धाक होता. पट्टी खरखरीत निघाली तर? सरांना काय लिहू? दोन वाक्यांचं खोटं लिहिलं असतं तर त्यांना कधी कळणार होतं? तुम्हीही कोणा आजारी माणसाला असं काही सांगायच्या वळणावर उभे राहिला असाल. मला माझाच भरवसा वाटत नव्हता. महिना संपल्यावर तलावावर गेलो, दोरीला हात घातला आणि आधी डोळे मिटून घेतले.

पत्र त्यांना वेळेत मिळालं. नंतरचं मला काकूंनी सांगितलं. सईनं ते मोठ्यानं वाचलं. तिला देवनागरी वाचता येतं, पण मराठी शब्दांत ती अडखळते. एका शब्दावर थांबली आणि विचारलं, "बाबा, गुळगुळीत म्हणजे एक्झॅक्टली काय?"

सरांना तोवर फारसं बोलवत नव्हतं. सकाळीच काकूंनी त्यांची दाढी केली होती. त्यांनी तिचा हात ओढला, आपल्या गालावर ठेवला आणि हळूच खाली सरकवला.

"अच्छा," सई म्हणाली. मग बराच वेळ तिनं हात काढला नाही.

चार-पाच दिवसांनी सर गेले. मला पोहोचता आलं नाही. पावसाळ्यानंतर सई दिल्लीला परतली, तेव्हा तिनं माझं पत्र मला परत दिलं. घड्यांवर विरलंय. जसं आहे तसं इथं उतरवतो.

"आदरणीय सर,

सा. न. वि. वि. आज तलावावर जाऊन आलो. सगळ्या पट्ट्या ओढून काढल्या. आधी बोटं फिरवली, मग तुमच्यासारखं गालानंही पाहिलं. सर, फार घाण वास येतो. तुम्ही कधी बोलला नाहीत.

सगळ्या पट्ट्या गुळगुळीत आहेत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. एका पट्टीच्या कडेला खरखरीत लागलं. ती भिंगाखाली घेतली. क्षार होता. माझ्या नळासारखाच.

पाणी इतकं तापलंय की म्हशीही दुपारी सावलीला जातात. पाणी गढूळ आहे, हिरवं आहे, नितळ अजिबात नाही. काठाच्या चिखलात पाय रुतला तेव्हा टाचेला आपला एक शिंपला लागला. काढला नाही. पायानंच ओळखला आणि राहू दिला.

दुकानदार आता टाकायचं पाणी आधी उकळतो. बायको ओरडते म्हणे, गॅस संपतो. त्यानं तुम्हाला नमस्ते सांगितलंय. तुमची खुर्ची त्यानं दुकानात जपून ठेवली आहे, कोणाला बसू देत नाही.

आईला तुमच्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, सरांना विचार, आता कसं वाटतंय. म्हणून विचारतो.

पट्ट्या धुऊन पुन्हा तलावात सोडल्या आहेत. पुढच्या महिन्यात जाईन, तेव्हा हात फिरवीन आणि लिहीन.

आपला,"

खाली माझी सही आहे. तिच्यावर हिरवट डाग पडलाय. लिहायला बसताना मी हात नीट धुतले नव्हते.