कापसाच्या रांगेतला अभ्यास

मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेनं आम्हा नवराबायकोला बोलावलं. पोरगी वर्गात बसत नाही, अर्धं वाक्य लिहून खिडकीबाहेर बघते, पेन्सिली हरवते. मग नागपूरचे डॉक्टर झाले. त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं आणि हे बरेचदा घरातूनच येतं म्हणत चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सांगा ना, तुमचं काय होतं ते." मी काय सांगणार, कप्पाळ? आमच्या वेळी त्याला इंग्रजी नाव नव्हतं. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एवढंच म्हणत, "या पोट्ट्याचं बूड काही टेकत नाही."

आणि खरंच टेकत नव्हतं. गुरुजी फळ्यावर भागाकार मांडायला लागले की पहिल्या ओळीपर्यंत मी त्यांच्यासोबत असायचो. दुसऱ्या ओळीला पत्र्याखाली चिमणी दिसायची, तिसरीला बाहेर कोणाची तरी सायकल पडायची, आणि मी परत फळ्याकडे बघेपर्यंत डस्टर फिरलेलं असायचं. कंपास, छत्री, चपला, जे हातात दिलं ते मी हरवलं. एकदा तर दप्तरच घरी ठेवून शाळेत गेलो आणि ते प्रार्थना झाल्यावर कळलं. "ध्यान कुठं हाय बे भैताडा?" असं जो तो विचारायचा. अहो, कुठं आहे ते मला माहीत असतं तर मीच त्याला कानाला धरून आणलं नसतं का?

आमच्या घरात तोवर दहावी कोणी झालेलं नव्हतं. बाबांची शाळा चौथीत सुटली होती आणि ते त्यांना सलत असायचं. बोलायचे मात्र नाहीत. संध्याकाळी मला हाताला धरून गावातल्या बुद्धविहारात नेऊन बसवायचे. "इथं शांत हाय. कोनी तुले बोलत नाही, तू कोनाले बोलू नको. वाच." झालं! शांतता हीच तर माझी वैरीण. कोणी बोलत नसलं की माझ्या डोक्यात बाजार भरायचा. फरशीवर मुंग्या कुठून कुठं जातात, खिडकीला गज किती, उद्या भाजी कशाची, सगळ्याचा विचार व्हायचा. पुस्तक मांडीवर उघडं आणि मी तिसऱ्याच गावी. बाबा घ्यायला आले की पान तेच असायचं. त्यांच्या ते ध्यानात यायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दहावीत गणितात गचकलो. बाकी विषय कसेबसे निघाले. पांढरकवड्याला हायवेवर मामाचं टायरचं दुकान होतं. मामा आला आणि सरळ म्हणाला, "पाठवून द्या भाऊजी याले. हाताले काम भेटलं तं डोकं जाग्यावर येईन." बाबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "एक डाव अजून. मार्चात बसू दे. नाही निघाला तं घेऊन जा." बाबांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं. टायरचं दुकान काही वाईट नव्हतं, मामा खाऊन-पिऊन सुखी होता. पण मला शिकायचं होतं. मनापासून शिकायचं होतं. ते कोणाला सांगावं तर लोक हसले असते, म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही.

ती वर्षं कापसाच्या नासाडीची होती. एका साली अळी, एका साली भाव पडलेला, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत भलत्याच कारणानं यायला लागलेलं. व्यापारी पडेल त्या भावानं मागत, म्हणून सारा तालुका बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भरून सरकारी खरेदी केंद्रावर जायचा आणि तिथं रांग लागायची. रांग म्हणजे काय, गावाबाहेरचं दुसरं गावच! कापसानं भरलेल्या बैलबंड्या, ट्रॅक्टर, बंडीखाली झोपलेली माणसं, चुलीवरच्या भाकरी, चहावाले, भांडणं. दोन-दोन, तीन-तीन दिवस नंबर लागत नसे. त्या हिवाळ्यात बाबांनी मला सोबत नेलं, कारण पाळीपाळीनं बंडीवर बसायला माणूस पाहिजे होता. निघताना मायनं गणिताचं पुस्तक पिशवीत कोंबलं. "बसल्या बसल्या पायजो," म्हणाली. तिला तरी कुठं भरवसा होता!

मी कापसाच्या ढिगावर चढून बसलो. उन्हानं कापूस गरम झालेला. त्यात पाय खुपसा, लोळा, पालथे पडा, कोणी "सरळ बस" म्हणत नव्हतं. चोहोकडे कालवा चाललेला. भोंग्यावर कोणीतरी नंबर पुकारत होता, पुढच्या बंडीवाल्याचा मागच्याशी जागेवरून वाद पेटला होता. कंटाळा आला म्हणून पुस्तक उघडलं आणि एक उदाहरण सुटलं. तेवढ्यात आरोळी आली, "सरकली, सरकली!" उडी मारून खाली उतरलो, बाबांसोबत बंडीला खांदा लावला, चार हात पुढं ढकलली आणि परत वर चढलो. पुन्हा एक उदाहरण. ते सुटतं न सुटतं तो पुन्हा "सरकली!" मला वाटतं, त्या दिवशी मी शाळेच्या अख्ख्या वर्षात केलं नसेल एवढं गणित केलं. ज्या पोराला विहारातल्या शांततेत अर्धं पान वाचवत नव्हतं, तो त्या कल्लोळात वर्गसमीकरणं सोडवत होता. मला स्वतःलाच नवल वाटलं. आनंद तर असा झाला की मी कापसात तोंड खुपसून हसलो.

मग दरवेळी बंडी भरली की मी आपसूक पिशवी घेऊन तयार असायचो. एकदा मात्र बाबांनी कमाल केली. दोन दिवसांनी आमचा नंबर आला होता. पुढची बंडी आत गेली, फाटकावरचा माणूस हात करून राहिला आणि मी एका भूमितीच्या सिद्धतेत पार बुडालेलो. डोकं वर केलं तेव्हा बाबा मागच्या बंडीवाल्याला म्हणत होते, "जाऊ द्या भाऊ, तुम्ही घ्या पुढं." तो बिचारा तोंडाकडेच बघत राहिला. ज्या जागेसाठी लोक एकमेकांची गचांडी धरत, ती जागा कोणी फुकट देतं? त्याच्या मागचाही गेला. मी वरून ओरडलो, "बाबा! आपला नंबर होता ना! काहून सोडला?"

"बैलं दमले होते," बाबा म्हणाले.

बैल सकाळपासून चाकाला बांधलेले, निवांत रवंथ करत बसले होते. माझं टाळकंच फिरलं. "दमाले त्यायनं केलं काय?" म्हणून मी दिवसभर फुगून बसलो. फुगल्या फुगल्या ती सिद्धताही पूर्ण केली.

मार्चात गणित निघालं. नुसतं निघालं नाही, चांगलं निघालं. मायनं गल्लीत साखर वाटली आणि मामा म्हणाला, "निंगाला लेक!"

पण खोड जाते का? बारावी मी कापसाच्या रांगेनंच काढली. मग कॉलेजला यवतमाळला गेलो आणि पुन्हा तेच. होस्टेलमध्ये संध्याकाळी अभ्यासिकेत बसायची सक्ती, पंखा सोडून कशाचा आवाज नाही. बाकीची पोरं माना खाली घालून पानं उलटवत आणि मी भिंतीवरची पाल बघत असे. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी संक्रांत आली तरी एक धडा धड झालेला नव्हता. मित्र म्हणत, "अबे, बसून राह्य ना, लागते ध्यान." बसून राहिल्यानं लागत असतं तर आमच्या विहारात मी केव्हाच पंडित झालो असतो! स्वतःचा असा संताप आला की एक दिवस पिशवी भरली आणि एसटीनं गावी निघालो. वाटेत ठरवलं, आता पांढरकवडा.

घरी पोचलो तर अंगणात व्यापारी काटा टांगून उभा. तोवर दिवस पालटले होते, व्यापारी दारात येऊन केंद्राच्याच भावानं कापूस मोजून नेत. ज्यांना त्यांच्या काट्याचा भरवसा नव्हता तेवढेच लोक अजून रांगेत जात. आमच्या घरी मागच्या वर्षी कापूस दारातच गेला होता, आणि माय त्यावर खूश होती, कारण बाबांची कंबर आता दुखायची.

मी दारातच सांगून टाकलं. "बाबा, माह्याच्यानं होत नाही. मामाले कळवा. मी टायरच्या दुकानात जातो."

वाटलं, शिव्या बसतील. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. व्यापाऱ्याला म्हणाले, "काटा काढून घ्या शेठ. यंदा माल केंद्रावर नेतो."

माय घरातून धावत आली. "दारातलं गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यले? भाव तोच, तिथं चार दिवस थंडीत कुडकुडसान ते येगळंच. डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

बाबा बंडी झाडायला निघालेच होते. न थांबता म्हणाले, "गिऱ्हाईक दारात येते. रांग येते का दारात?"

मायला काही उमजलं नाही, पण मला उमजलं. मला वाटायचं, माझं ध्यान रांगेतच लागतं हे गुपित मला एकट्यालाच माहीत आहे. आणि चौथीत शाळा सुटलेल्या या माणसाला ते पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. एका शब्दानं कधी बोलला नव्हता. मी पिशवी धरून अंगणात तसाच उभा राहिलो.

"पुस्तकं आनली का सारी?" बाबांनी विचारलं.

मी पिशवीत हात घातला. निम्मी होस्टेलमध्येच राहिली होती. "अर्धी इसरलो," म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

बाबा हसायला लागले. "अर्धी तं अर्धी," म्हणाले. "चढ बंडीवर."