छत्रीवाल्याचा ताप

टोकियोतल्या फुनाबोरी भागात माझं छोटं हॉटेल आहे. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं दुपारी येतात, वरणभात खातात आणि जाताना एखादा किस्सा टेबलावर सांडून जातात. पुसायला मी एकटा! आठवीतच शाळा सुटल्यामुळे डोक्यात जागा भरपूर. त्यातली निम्मी या पोरांतल्याच आमच्या सचिन बर्वेने अडवली आहे.

*

टोकियोत हॉलिवूडचं शूटिंग चालू होतं. त्यांना एका दिवसासाठी भारतीय चेहरा हवा होता. त्यांचा माणूस माझ्याकडे जेवायला आला, मी बर्वेकडे बोट दाखवलं. काम काय, तर हिरोवर छत्री धरायची. पण बर्वे कॉलेजात एकांकिका करणारा!

"काका, या छत्रीवाल्याचं बालपण कसं गेलं असेल?"

म्हटलं, "पावसात."

*

रजा मागायची सोय नव्हती. येत्या मार्चला त्याचा करार संपत होता. पुढे ठेवायचं की बायकोसकट पुण्याला धाडायचं, हे त्याच्या साहेबांच्या, तानाका-सानच्या हातात. मग बर्वेने सेटवरूनच फोन लावला. ताप आलाय म्हणाला, वर खोकून दाखवलं. बायको, मंजिरी, आधीच बजावून बसली होती, "पकडला गेलास तर सामान तू बांधायचं."

*

इथे आजारी माणूस मास्क लावून ऑफिसला येतो. बर्वेने आठवडाभर लावला. मंजिरी सांगत आली, की हा झोपेतसुद्धा खोकतो.

मी विचारलं, "ॲक्टिंग?"

"नाही काका. भीती."

*

जपानी हॉटेलांत नटांच्या सह्यांचे पांढरे चौकोनी पुठ्ठे भिंतीवर लावतात. मीही बर्वेची सही घेऊन एक लावला. वर मराठीत लिहिलं, 'हॉलिवूडचा हिरो'. आणि दुसऱ्याच दिवशी तानाका-सान अख्खी टीम घेऊन जेवायला हजर! पुठ्ठ्याकडे बघून त्यांनी विचारलं, हे कोण? बर्वेने ताटात मान घातली.

मी म्हटलं, "आमचा देव."

तानाका-सान उठले. इथे देवळात करतात तशा दोन टाळ्या वाजवल्या, मान लववली. घाबरून बर्वेनेही उठून हात जोडले. स्वतःलाच!

*

फेब्रुवारीत सिनेमा लागला. तानाका-सान सगळ्या ऑफिसला घेऊन गेले. असला तमाशा मी सोडतोय होय? बर्वेशेजारची सीट पकडली. हिरो गाडीतून उतरला. छत्री दिसली, हात दिसला, आणि मग बर्वेचं अख्खं तोंड, भिंतीएवढं.

बर्वेला पळायचं होतं. पण पडद्यावरची नावं संपेपर्यंत जपानी माणूस जागचा हलत नाही. तेवढा वेळ पोरगा माझं मनगट धरून बसला होता. दिवे लागले. तानाका-सान एवढंच म्हणाले की सिनेमा छान होता, आणि ट्रेन पकडून गेले.

सकाळी मंजिरी माझ्याकडून तांदळाची रिकामी खोकी घेऊन गेली. तेव्हा मात्र मलाही मस्करी सुचेना.

*

त्याच दुपारी तानाका-सान एकटेच आले. जेवण सांगितलं नाही. पुठ्ठ्यासमोर उभे राहिले, दोन टाळ्या वाजवल्या, मान लववली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले,

"काका-सान, देवाला सांगा, पुढच्या वर्षी ताप येणार असेल तर आधी कळवायचं."