निलगिरीखालची अबोली

रबाळ्याला आमच्या सोसायटीमागच्या बागेत जुन्या गावातले एक काका रोज सकाळी यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी. बाकावर कधी टेकले नाहीत. निलगिरीखाली उभं राहून चपलेच्या टोकानं गळलेली पानं बाजूला सारत राहायचे. एका बुंध्याजवळची जमीन उघडी झाली की दुसऱ्याकडे.

मला त्यांचा राग यायचा. तिथे मी आईनं गावाहून पाठवलेलं अबोलीचं बी पेरलं होतं आणि ओल टिकावी म्हणून वर तीच पानं पसरत होतो. मी पसरायचो, ते काढायचे. शेवटी एकदा मी म्हणालो, "काका, कशाला काढताय? कुजून खत होईल त्याचं."

"हिच्या पानांचा अर्क मातीत उतरतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यात बी रुजत नाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लावलीत ही. आमच्या बांधावर. लाकूड लवकर मिलेल म्हनून. मंग बांधालगत भाताचं बी उगवलंच नाय. बापूस रोज येऊन बघायचा." पाय चालूच होता. "शेत तुमच्या सोसायटीखाली गेलं, ही रायली."

मी पानं पसरणं सोडलं. महिनाभरानं, त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत दोन अंकुर दिसले. मी हौसेनं त्यांना बोलावून दाखवले. ते वाकले. क्षणभर पाय थांबला.

"बी किती पेरलेलं?"

"मूठभर."

"मंग बाकीचं?" असं म्हणून ते पुढच्या बुंध्याकडे वळले.