मोटेचे बैल शंकरपटात

सरपंच व्हायला निघालेल्या एकानं निवडणुकीआधी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत भरवली. त्याच्यापुढं मिरवायची आमच्या घरधन्यांना भारी हौस. मळ्यात वांगी माना टाकत होती आणि यांनी विहिरीचं पाणी ओढणारे मोटेचेच बैल शर्यतीसाठी सोडले.

"वांग्यांले पाणी कोण देईन?" मी विचारलं.

"तुले काय समजते राजकारण!"

शर्यतीत बैल विहिरीच्या उताराएवढं अंतर पळाले, थांबले आणि मोट परत विहिरीत सोडताना येतात तसे उलट्या पावलांनी मागं येऊ लागले. गाव पोट धरून हसलं. उमेदवारानं यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बैलांले आपलं काम समजते, तुमाले नाही. जुंपा मोट."

संध्याकाळपर्यंत यांनी मोट हाकली. तोवर वांग्यांची अर्धी फुलं गळाली होती.